ब्रेकबाई नदीवर

"आणि समोरून ट्रक आला म्हणजे?"

"ट्रक समोरूनच येतात, आई. वरून पडत नाहीत."

"बघा, बघा ही जीभ! अहो, ऐकताय ना? ही जीभ घेऊन ही डोंगरापलीकडच्या गावांतून एकटी गाडी हाकत फिरणार."

"गाडी जिभेनं नसते चालवायची."

नवरा खुंटीवर शर्ट अडकवत होता. औषधांच्या दुकानात दिवसभर गल्ल्यामागे उभं राहून सगळ्यांचं ऐकून घ्यायची त्याला सवय होती. "दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे," तो म्हणाला, आणि दोघीही एकदम त्याच्याकडे अशा वळल्या की त्यानं तोच शर्ट पुन्हा काढून पुन्हा अडकवला.

भांडण आठवडाभराचं होतं, फक्त रोज नव्यानं उकळी फुटायची. लेक फिजिओथेरपी शिकलेली. एका दवाखान्यानं तिला नोकरी देऊ केली होती, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचे हातपाय हलवायची. छोटी गाडी दवाखान्याची, चालवायची मात्र स्वतः. गावं डोंगरापलीकडे, रस्ता वळणावळणांचा. होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं, आणि आज शनिवार.

आईचा विरोध ऐकून परक्याला हसू आलं असतं, कारण आईचा धंदाच मुळी गाडी शिकवण्याचा. बावीस वर्षं ती शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसत आली होती. तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकणाऱ्याचं चुकलं की तो दाबायचा. अर्ध्या गावाला तिनं शिकवलं आणि त्या अर्ध्या गावानं तिचं नाव ब्रेकबाई ठेवलं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं, आणि मनातून ते तिला आवडतही होतं. आपल्या गाडीवर आजवर एक ओरखडा नाही, हे ती आपली लेक वर्गात पहिली आल्यासारखं सांगायची.

पण या धंद्यानं तिच्या जिवाला एक खोड लागली होती. माणसं शहाणी, शिकलेली, पोराबाळांची. पण समोर म्हैस आली की त्यांचे चेहरे कसे होतात, हे तिनं इतक्या जवळून पाहिलं होतं की रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीवर तिचा विश्वास राहिला नव्हता. रिक्षात बसली तरी तिचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत असायचा. आणि लेकीच्या बाबतीत तर विचारूच नका. पोरीला परवाना मिळून तीन वर्षं झाली होती, पण आई शेजारी नसताना तिनं गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतही नेली नव्हती.

"मला शिकवलंस तूच, आणि भरवसा तुलाच नाही," लेक म्हणाली. "म्हणजे नापास कोण?"

"परवा भाजीबाजाराच्या वळणावर सायकलवाला आडवा आला. ब्रेक कोणी दाबला?"

लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"बोल की आता. कोणी दाबला?"

"तू."

"त्याच्या आधी, शाळेजवळ?"

"तूच." लेकीचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की ती हमखास वर्मी बोलायची. "तू बाजूला बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, आई. तुला स्वतःला कशाची भीती वाटत नाही? उद्या चिमणीमावशीबरोबर नदीवर जाणार होतीस ना? कळवलंस का नाही म्हणून? नसशील तर कळवशीलच. आजीच्या डोळ्यांत औषध घालायचंय, नाही का?"

हे मात्र अगदी काळजाला लागलं. कारण दुपारपासून ब्रेकबाई नेमकी तीच सबब मनात घोळवत होती.

"कोण म्हणालं जात नाही म्हणून?" ती म्हणाली. "जाणार आहे."

पलंगावरून सासूबाईंनी मान वर केली. मोतीबिंदूनं नजर अधू झाली होती, कान मात्र तल्लख होते. "जा बाई, जा. फक्त गुरुवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तेवढी परत ये."

*

चिमणी म्हणजे ब्रेकबाईची शाळेपासूनची मैत्रीण. तेव्हा ती काडीसारखी होती म्हणून चिमणी. आता अंगानं चांगली भरली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. खळाळत्या पाण्यातून रबरी बोटीनं जायचं खूळ तिनं तिथंच, कोणाच्या तरी ओल्या डोक्याशी गप्पा मारता मारता, डोक्यात घेतलं होतं. पोहता दोघींनाही येत नव्हतं. "जॅकेट देतात," चिमणी म्हणाली. "आपण बुचासारखं तरंगायचं."

सकाळी शिकाऊ गाडीतूनच निघाल्या. ब्रेकबाई चालवत होती आणि चिमणी शेजारी, म्हणजे मास्तरीणबाईंच्या जागी. गाव सुटतं न सुटतं तोच गाडीनं असा गचका दिला की डबे मागून पुढे आले.

"पाय काढ तिथून! ब्रेक आहे तो!"

"अगं बाई, मला वाटलं पाय ठेवायला केलंय."

"तू शिकलीस ना माझ्याकडे? परवाना आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. पाकिटात आहे. फोटो छान आलाय म्हणून जपून ठेवलाय."

नदी दिसायच्या आधी ऐकू आली. पहिल्यांदा ब्रेकबाईला वाटलं, मागून मोठी गाडी येतेय. तिनं आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आवाज खालून येत होता, न थांबता, आणि वळण उतरावं तसा वाढत होता. तिनं गाडी एक गिअर खाली घेतली. सासूबाईंचं औषध खरंच लेकीनं वेळेवर घातलं असेल का, हा विचार तिनं मुद्दाम करून पाहिला, पण तोही टिकला नाही.

काठावर जॅकेटं वाटत होते. तिचं जॅकेट तिनं इतकं करकचून आवळलं की चिमणी म्हणाली, "बुडायच्या आधी गुदमरशील." डोक्यावर लाल शिरस्त्राण, हातात वल्हं. बोटीत एकूण सहा जण: या दोघी, एक नवीन लग्नाचं जोडपं, आणि फर्निचरचं दुकान असलेले दोन थोराड भाऊ. मागे सुकाणूला एक दाढीवाला. पुढचा एक दात नसलेला. ते पाहून ब्रेकबाईच्या मनात आलं, हा दात कुठल्या दगडावर ठेवून आला असेल?

दाढीवाल्यानं आधी काठावरच सगळं समजावलं. "पुढे" म्हटलं की पुढे वल्हवायचं, "मागे" म्हटलं की मागे, "खाली" म्हटलं की बोटीत खाली बसून दोरी धरायची. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे, आणि उभं राहायचं नाही. "बोटीत आवाज एकच," तो म्हणाला. "माझा. बाकीच्यांनी किंचाळायला हरकत नाही, पण हुकूम द्यायचा नाही."

ब्रेकबाईनं हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"थांबवायची कशी?"

"काय?"

"बोट. मध्येच धोका दिसला तर थांबवायची कशी?"

"थांबवत नाहीत, बाई. धोका दिसला की जोरात वल्हवायचं."

"धोक्याच्या दिशेनं?"

"पाण्यापेक्षा बोट जोरात चालली तरच ती वळते. हात थांबले की बोट आपली नाही, पाण्याची."

बावीस वर्षांच्या विद्येच्या बरोबर उलटं होतं हे. तिनं चिमणीकडे पाहिलं. चिमणी नव्या नवरीला भुवया कुठे कोरून घेतेस असं विचारत होती.

*

पहिला खळाळ लहानच होता. पाण्यानं बोट उचलली, आपटली, तोंडावर सपकारा मारला आणि सोडून दिली. भाऊ ओरडले, नवरी हसली. ब्रेकबाईनं डोळे उघडले तर सगळं मागे पडलेलं. तिच्या उजव्या पायाच्या पोटरीत मात्र गोळा आला होता. बोटीचा रबरी तळ तिनं एवढा वेळ टाचेनं दाबून धरला होता.

"बघ, मेलीस का?" चिमणी वळून म्हणाली. ती तिच्या अगदी पुढे बसली होती.

"पुढे बघ!"

"तू गाडीत पण असंच ओरडायचीस."

दुसरा खळाळ वळणाआड होता. आधी नुसता आवाज, मग पांढरा फेस, आणि फेसाच्या मधोमध एक काळा खडक, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. पाणी त्याच्या डाव्या अंगानं जात होतं. दाढीवाला ओरडला, "पुढे! जोरात! जोरात!"

सगळ्यांची वल्ही पाण्यात गेली. बोट उसळली. खडक वाढत चालला, म्हणजे तिला तसंच दिसलं: बोट जात नव्हती, खडक येत होता. एवढ्या वेगानं? इतक्या जवळ? तिचा उजवा पाय आपोआप खाली गेला, तळापर्यंत. तिथं काहीच नव्हतं. आणि मग तिच्या तोंडून तो आवाज निघाला. बावीस वर्षं रोज तापवलेला, म्हशी, सायकली आणि शाळा सुटलेली पोरं यांच्यावर धार लावलेला.

"थांब! ब्रेक! ब्रेक!"

आणि सगळे थांबले. भाऊ थांबले, नवराबायको थांबली, चिमणीचे हात तर हवेतच राहिले. त्या आवाजात असं काही होतं की माणसानं हातातलं टाकावं.

पाणी तेवढं थांबलं नाही. हात थांबल्याबरोबर बोट आडवी झाली, कुशीवर खडकावर चढली, आणि तिची एक बाजू आभाळाकडे गेली. दाढीवाला "खाली! खाली!" ओरडत होता. ब्रेकबाई खाली कोसळली, दोरी हाताला लागली. बोट खडकावरून घसरून पुन्हा सपाट झाली तेव्हा तिच्या पुढची जागा रिकामी होती.

चिमणीचं लाल शिरस्त्राण फेसात वर आलं. गेलं. पुन्हा वर आलं, पण तिथं नाही, कितीतरी पुढे.

"चिमणे!"

"बाई, आता एक शब्द नाही," दाढीवाला म्हणाला. ओरडला नाही. तेच जास्त भयंकर वाटलं. "नुसतं वल्हवा. सगळे. पुढे."

तिनं वल्हवलं. आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांसमोर अपघात चालू होता आणि तिच्या पायाखाली काही नव्हतं. चिमणीचा नवरा, चिमणीच्या दुकानातली ती फिरती खुर्ची, चिमणीच्या धाकट्याचं ठरत आलेलं लग्न, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तरी हात चालत राहिले. कारण थांबवले तर काय होतं ते तिनं आत्ताच पाहिलं होतं. लाल ठिपका आता उताणा होता. पुढे दोन पाय. केशरी बूट आभाळाकडे. सांगितलं होतं तसंच करत होती चिमणी. तिला एकदा तरी सांगितलेलं लक्षात राहिलं होतं.

पाणी जरा संथ झालं तिथं दाढीवाल्यानं दोरीची पिशवी फेकली. पहिली हुकली. दुसरी चिमणीच्या छातीवर पडली. दोघा भावांनी तिला जॅकेटच्या खांद्यांना धरून, धान्याचं पोतं ओढावं तसं, बोटीत ओढून घेतलं.

ती खोकली. पुष्कळ पाणी ओकली. सगळ्यांकडे पाहिलं, मग ब्रेकबाईकडे.

"ब्रेक तुझा," ती म्हणाली, "आणि पडले मी."

नवरी आधी हसली, मग तिचा नवरा, मग भाऊ. ब्रेकबाई हसली नाही. तिनं चिमणीचा ओला हात धरला तो सोडेचना.

*

बोट काठाला लावून सगळ्यांना चहा दिला. चिमणीला घोंगडी. दोघी एका सपाट दगडावर बसल्या होत्या. चिमणीचा पेला अर्धा झाला होता, ब्रेकबाईचा तसाच भरलेला होता.

"मी मारलंच असतं तुला," ब्रेकबाई म्हणाली.

"मेले असते तर माझ्या नवऱ्याला स्वयंपाक तू शिकवला असतास. गाडीसारखा. शेजारी बसून." चिमणीनं चहाचा घोट घेतला. "पण खरं सांगू? तुझा आवाज आला आणि माझे हात आपोआप गळाले. अगदी गाडीतल्यासारखे."

"गाडीतल्यासारखे म्हणजे?"

"म्हणजे काय! तुझ्याकडे शिकत होते तेव्हा मी ब्रेक कधी दाबलाच नाही. दाबायची वेळ आली की तुझा पाय आधीच खाली. मला वाटायचं, गाडी आपली आपणच थांबते. शहाणी आहे."

"परीक्षेत दाबलास की."

"परीक्षेत त्यांनी थांबा म्हटलं, थांबले. समोर काही येत नव्हतं तिथं. पुढे परवाना मिळाला, यजमान म्हणाले जा एक चक्कर मारून ये. गल्लीच्या टोकाला कुत्रं आडवं आलं. मी वाट बघत बसले."

"कशाची?"

"तुझ्या पायाची."

ब्रेकबाईनं पेला खाली ठेवला.

"कुत्रं शहाणं, ते बाजूला झालं," चिमणी म्हणाली. "घरी येऊन किल्ली यजमानांच्या हातात दिली ती दिली. तुला कुठं सांगायचं, म्हटलं. तुला वाईट वाटलं असतं. तुझ्या गाडीवर ओरखडा नाही ना एकही."

नदी खाली चाललीच होती. भाजीबाजाराचं वळण ब्रेकबाईच्या डोळ्यांपुढे आलं. सायकलवाला आडवा आला तेव्हा तिनं लेकीच्या पायाकडे पाहिलं होतं का? नव्हतं. तो हलला की नाही, तिला माहीत नव्हतं. शाळेजवळ? तिथंही नाही. तीन वर्षांत लेकीचा पाय उशिरा पडतो की पडतच नाही, हे कळायला तिनं अर्ध्या क्षणाची जागाच ठेवली नव्हती. आधीच दाबून मोकळी.

दाढीवाला आला. पुढे अजून एक खळाळ होता, या दोन्हींहून मोठा. "कोणाला उतरून पायवाटेनं यायचं असेल तर या," तो म्हणाला. सगळ्यांना म्हणाला, पण बघत तिच्याकडे होता.

"मी बसते," चिमणी म्हणाली. "पैसे दिलेत."

"मीही," ब्रेकबाई म्हणाली.

"वल्हं तुमच्याकडे, आवाज माझ्याकडे?"

तिनं मान डोलावली. शिरस्त्राणाचा पट्टा दातांत धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. पाय दाबत होता, दाबू दिला. तिथं काही नव्हतंच. हात मात्र चालू ठेवले. तिसरा खळाळ तिनं उघड्या डोळ्यांनी पाहिला आणि तिला तो मुळीच आवडला नाही. भीती जशीच्या तशी होती, तोळाभरही कमी झाली नव्हती. बोट मात्र वळली.

*

उन्हं कलायच्या आत ती घरी पोचली. ओल्या कपड्यांची पिशवी मोरीत टाकली. रविवार म्हणून नवरा कपाट आवरत होता, सासूबाई पलंगावर कानानं सगळं बघत होत्या. लेक टेबलाशी बसली होती, तोंड उतरलेलं.

"आलीस का धड?" सासूबाई म्हणाल्या. "कोण पडलं?"

"चिमणी."

"तूच पाडलं असशील."

"हो."

नवऱ्यानं कपाटातून तोंड बाहेर काढलं. पण लेक मध्येच बोलली. सकाळपासून जमवून ठेवल्यासारखी.

"आई, मी उद्या त्यांना नाही म्हणून कळवणार आहे."

"काय?"

"तुझंच खरं आहे. दिवसभर विचार केला. त्या सायकलवाल्याच्या वेळी मला तो दिसला होता, पण माझा पाय हललाच नाही. शाळेजवळही नाही. मला जमतच नाही ते. उद्या एखाद्या पोराच्या अंगावर घातली म्हणजे?" तिनं टेबलावरचा फोन दूर सारला. "दुसरं काहीतरी बघेन. इथलं."

आठवडाभर हेच ऐकायला ब्रेकबाईचे कान आसुसले होते. भांडण जिंकलं होतं. आणि तिला दिसलं ते पांढऱ्या फेसात लांब लांब जाणारं लाल शिरस्त्राण. हाताला न लागणारं.

"झालं मग," नवरा सुटल्यासारखा म्हणाला. "दोघींचंही..."

"तुम्ही थांबा," ब्रेकबाई म्हणाली. ती लेकीच्या समोरच्या खुर्चीवर बसली. टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशी दाबत होता. तिनं तो हातानं उचलून दुसऱ्या पायावर ठेवला. "तुझा पाय हलला नाही, कारण माझा आधीच पडला होता. चिमणीचाही कधी हलला नाही. आणखी कितीजणांचा हलला नसेल, देव जाणे."

"म्हणजे?"

"म्हणजे चप्पल घाल. आज, आणि रोज संध्याकाळी, मोकळ्या मैदानावर. गाडीत तू एकटी. मी बाहेर उभी राहून गाडीपुढे रिकामी खोकी टाकत राहीन. तुडवलीस तर तुडव."

"आणि उद्या त्यांना काय सांगू?"

"होय म्हणून सांग."

सासूबाईंनी खाकरून घसा साफ केला. "आणि माझ्या डोळ्यांचं काय? गुरुवारी वळणांच्या रस्त्यानं जायचंय."

ब्रेकबाईच्या कानांत सकाळचा नदीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"गुरुवारी आईंना ही नेईल," ती म्हणाली. "मी येणार नाही. आई मागे बसतील. पुढची सीट रिकामी राहील."